शुश्रूषा, निरीक्षण आणि नोंद : परिचारिकेच्या रुग्णपरीक्षणाच्या भाषेचा इतिहास

(१)

वैद्यकाचा इतिहास बहुधा वैद्यांचा, औषधांचा आणि उपकरणांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस असणाऱ्या परिचारिकेला त्यात स्थान मिळते ते तिच्या सेवावृत्तीच्या गौरवापुरते. तिच्या ज्ञानाचा विचार त्यामानाने फार थोडा झाला आहे. वस्तुतः रुग्णालयातील डॉक्टर रुग्णाला दिवसातून एकदा-दोनदा, तोही काही मिनिटेच, पाहतो. त्याच्या दोन फेऱ्यांमधील दीर्घ काळात रुग्णाच्या प्रकृतीत जो पालट होतो तो परिचारिकेच्याच दृष्टीस पडतो. परंतु दृष्टीस पडलेली गोष्ट शब्दांत उतरल्याखेरीज दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, आणि कोणती गोष्ट कोणत्या शब्दांत सांगावी, किंबहुना ती सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, हे परिचारिकेने एकटीने कधीच ठरविलेले नाही. म्हणून परिचारिका रुग्णाची प्रकृती कशी पारखते या प्रश्नाचा इतिहास हा पुष्कळ अंशी तिला उपलब्ध झालेल्या भाषेचा इतिहास आहे. गेल्या सुमारे एकशेसाठ वर्षांत ही भाषा कशी घडत गेली आणि तिच्या प्रत्येक घडणीत काय साधले व काय सुटले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रारंभी एका शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. मराठीत रुग्णसेवेला 'शुश्रूषा' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'श्रु' या धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झालेला असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. ऐकण्याच्या इच्छेपासून आज्ञाधारकपणा आणि आज्ञाधारकपणापासून सेवा असा या शब्दाचा अर्थविस्तार झाला, आणि गुरूच्या शुश्रूषेपासून रुग्णाच्या शुश्रूषेपर्यंत तो येऊन पोचला. अर्थांतराच्या या वाटेवर मूळचे 'ऐकणे' मागे पडून 'आज्ञा पाळणे' पुढे आले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'खुड्डाकचतुष्पाद' या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. उपचारांचे ज्ञान, दक्षता, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण होत. आपल्या रोगाविषयी नीट सांगता येणे, ज्याला तेथे 'ज्ञापकत्व' म्हटले आहे, हा गुण मात्र उपस्थात्याच्या नव्हे, तर रोग्याच्या यादीत येतो. रोग्याने सांगावे, वैद्याने ऐकून व पाहून ठरवावे आणि उपस्थात्याने दक्षतेने उपचार करावेत, अशी ही विभागणी आहे. उपस्थात्याच्या दक्षतेत निरीक्षण गृहीत असेल; पण निवेदन हा त्याचा स्वतंत्र गुण म्हणून गणलेला नाही. मधल्या माणसाने पाहिलेले सांगावे कसे, हा प्रश्न येथे उपस्थित झालेला नाही. तो उपस्थित होण्यास मोठ्या रुग्णालयाची संस्था उदयास यावी लागली.

(२)

हा प्रश्न स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे जाते. क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५४ ते १८५६ या वर्षांत, स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. त्यानंतर १८५९ मध्ये 'नोट्स ऑन नर्सिंग' हे त्यांचे छोटेखानी पुस्तक सिद्ध झाले आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका-शाळा सुरू झाली. या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात शरीरलक्षणांची चर्चा आहेच. तथापि भाषेच्या अभ्यासकाला त्याहून अधिक लक्षणीय वाटावा असा भाग म्हणजे प्रश्न विचारण्याच्या आणि उत्तर देण्याच्या रीतीची त्यांनी केलेली चिकित्सा.

रात्र चांगली गेली का, असे रुग्णाला विचारण्याची सर्वत्र पद्धत आहे. नाइटिंगेल यांचा आक्षेप असा की, या प्रश्नाच्या उत्तरावरून काहीच कळत नाही. एखाद्याला दहा तास अखंड झोप लागली नाही तर ती रात्र वाईट वाटते. दुसरा अधूनमधून डुलकी लागली एवढ्यावर समाधान मानतो. म्हणून किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी लागली, असे विचारले पाहिजे. उत्तर सुचविणारा प्रश्न हा त्यांच्या मते निरीक्षणाचा मोठा शत्रू होय. भुकेविषयीचे त्यांचे विवेचनही असेच मार्मिक आहे. रुग्ण अन्न घेत नाही याला निदान चार वेगवेगळी कारणे संभवतात : स्वयंपाक नीट झालेला नसणे, पदार्थाची निवड चुकणे, वेळ चुकणे आणि खरोखरीच भूक नसणे. पण 'भूक नाही' हा एकच शब्दप्रयोग या चारहींवर पांघरूण घालतो. पहिल्या तिन्हींवर उपाय परिचारिकेच्या हातात असतो; शब्द एकच असल्यामुळे तो सुचत नाही, आणि रुग्ण उपासमारीने खंगत जातो. संदिग्ध शब्दाची किंमत रुग्ण मोजतो, हे या उदाहरणातून त्यांनी दाखवून दिले.

सरासरीविषयीही त्या सावध होत्या. स्वतः संख्याशास्त्रात पारंगत असूनही, सरासरीचे आकडे बारकाईच्या निरीक्षणापासून मनुष्याला दूर नेतात, असा इशारा त्यांनी दिला आहे. एखाद्या वस्तीतील मृत्यूचे प्रमाण सरासरीवरून कळेल. परंतु समोरच्या खाटेवरील रुग्ण आज रात्री दगावेल की नाही हे त्याला निरखूनच कळेल.

या सर्व विवेचनाला एक मर्यादा मात्र त्यांनी स्वतःच घालून दिली होती. डॉक्टरला परिचारिकेकडून हवी असतात ती तथ्ये, तिचे मत नव्हे, असा त्यांचा दंडक होता. त्या काळच्या संदर्भात तो समजण्यासारखा आहे. अप्रशिक्षित सेविकांच्या ऐकीव व मोघम मतांमुळे किती अनर्थ होतो हे त्यांनी पाहिले होते. शिवाय डॉक्टरांच्या व्यवसायाशी संघर्ष न करता परिचारिकेच्या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा हाच एक मार्ग होता. परंतु तथ्य आणि मत यांच्यामधील ही रेषा आखली गेल्यामुळे पुढील शंभर वर्षे परिचारिकेच्या भाषेचे व्याकरण ठरून गेले. तिने पाहावे, मोजावे, सांगावे. अर्थ मात्र लावू नये.

(३)

याच सुमारास मोजण्याची साधने रुग्णाच्या खाटेपर्यंत येऊन पोचली. लायप्झिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या तापमानाच्या नोंदींवर आधारलेला आपला ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध केला आणि ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे, त्याच्या चढउतारांना नियम आहेत, हे प्रस्थापित केले. त्यापूर्वीचे तापमापक लांबलचक असत आणि त्यांना स्थिर होण्यास बराच वेळ लागे. इंग्लंडमधील लीड्सचे डॉक्टर क्लिफर्ड ऑलबट यांनी १८६६-६७ च्या सुमारास जवळपास सहा इंच लांबीचा आणि पाचएक मिनिटांत उष्णतामान दाखविणारा तापमापक तयार करविला. त्यामुळे दिवसातून अनेकदा, अनेक रुग्णांचा ताप पाहणे शक्य झाले. हे काम वेळखाऊ आणि वारंवार करावयाचे असल्यामुळे ते परिचारिकेकडे आले. ताप, नाडी आणि श्वसन या तिहींचा आलेख खाटेच्या पायथ्याशी लटकू लागला, आणि 'टी. पी. आर.' ही त्याची आद्याक्षरे भारतातील रुग्णालयांतही रूढ झाली.

आलेखाने परिचारिकेला काय दिले याचा विचार केला पाहिजे. विषमज्वरासारख्या रोगावर १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध उपयोगी ठरेपर्यंत निश्चित असा उपाय नव्हता. रुग्ण तीन-चार आठवडे अंथरुणाला खिळून राही आणि त्याचा जीव प्रायः शुश्रूषेवर अवलंबून असे. अशा रुग्णाचा ताप अकस्मात उतरला आणि त्याच वेळी नाडी जलद झाली, तर आतड्यात रक्तस्राव झाला असण्याची शंका घ्यावी लागे. ताप उतरला म्हणून घरच्यांना आनंद व्हावा, तोच क्षण सर्वांत धोक्याचा असू शके. 'बरे वाटते' या शब्दांत जे दडून राहिले असते ते आलेखावरील दोन रेषांच्या छेदात उघड दिसे. आकड्याचा आणखी एक गुण असा की तो कोणी उच्चारला यावर त्याचे मूल्य अवलंबून नसते. १०३ अंश हा आकडा परिचारिकेने सांगितला म्हणून कमी ठरत नाही. जिच्या मताला स्थान नव्हते तिच्या आकड्याला ते मिळाले.

मात्र या प्राप्तीबरोबर एक हानीही झाली. मोजणे हे यांत्रिक काम समजले गेले आणि म्हणूनच ते खालच्या पायरीवर सोपविण्यात आले. आलेखाचा अर्थ लावणे वरच्या पायरीवर राहिले. रक्तदाबाच्या बाबतीत हाच क्रम दिसतो. इटलीतील स्किपिओने रीवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण तयार केले आणि रशियातील निकोलाय कोरोत्कॉव्ह यांनी १९०५ मध्ये रोहिणीतील ध्वनी ऐकून तो मोजण्याची रीत दाखविली. प्रारंभी ही डॉक्टरांची विद्या होती. ती नित्याची झाल्यावर, म्हणजे तिची प्रतिष्ठा ओसरल्यावर, परिचारिकेच्या हाती आली.

महाराष्ट्रात या परंपरेचा प्रवेश इंग्रजी भाषेच्या द्वारे झाला. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली मराठी स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले आणि ससून रुग्णालयात त्यांच्या शिक्षणाची सोय केली. विधवा वा परित्यक्ता स्त्रीने परक्या रुग्णाच्या अंगाला हात लावणे ज्या समाजाला रुचत नव्हते, त्या समाजात हे पाऊल किती धाडसाचे होते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पण या स्त्रियांपुढे भाषेचा एक प्रश्नही होता. रुग्ण बोले मराठीत आणि नोंदीची परिभाषा होती इंग्रजी. 'अंगात कणकण आहे' असे रुग्ण म्हणतो तेव्हा तो ताप आला असे म्हणत नसतो. ताप येऊ घातल्याची, अंग मोडून आल्याची, तापमापकात अद्याप न उमटलेली जाणीव तो सांगत असतो. 'कळ', 'चमक', 'ठणका', 'शिणक', 'मुरडा', 'आग' हे सर्व वेदनेचेच प्रकार. पण त्यांत काल, स्थान आणि गती यांचे भेद आहेत. कळ येते आणि जाते. ठणका नाडीच्या ठेक्यात चालतो. चमक क्षणात निघून जाते. नोंदीत या सर्वांच्या जागी 'पेन' हा एकच शब्द लिहिला गेला म्हणजे भुकेच्या शब्दाविषयी नाइटिंगेल यांनी जी तक्रार केली होती तीच येथे, भाषांतराच्या वाटेने, पुन्हा उद्भवते. आजही महाराष्ट्रातील रुग्णालयांत नोंदी बहुतांशी इंग्रजीतच होतात; म्हणून हा प्रश्न केवळ ऐतिहासिक नाही.

(४)

तथ्य आणि मत यांमधील रेषेला विसाव्या शतकात कायद्याचे रूप आले. अमेरिकन परिचारिका संघटनेने १९५५ मध्ये व्यवसायाची जी आदर्श व्याख्या तयार केली, तीत रुग्णाच्या लक्षणांचे निरीक्षण व नोंद हे परिचारिकेचे काम म्हणून मान्य करण्यात आले. परंतु निदान करणे आणि उपाय सांगणे या क्रिया तिच्या कामात मोडत नाहीत, असेही स्पष्टपणे नमूद करण्यात आले. ही व्याख्या परिचारिकांच्याच संघटनेने केली होती, हे येथे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

या निर्बंधाचा भाषेवर झालेला परिणाम लिओनार्ड स्टाइन या मनोविकारतज्ज्ञाने १९६७ मध्ये 'डॉक्टर-परिचारिका खेळ' या अर्थाच्या शीर्षकाच्या आपल्या निबंधात वर्णिला. परिचारिकेला रुग्णाची स्थिती कळलेली असते आणि काय करावयास हवे हेही पुष्कळदा ठाऊक असते. पण ते तिने उघडपणे सांगावयाचे नसते. ती अशा रीतीने बोलते की सूचना तिची असूनही कल्पना डॉक्टरलाच सुचली असे वाटावे. आणि डॉक्टरही अशा रीतीने विचारतो की आपण सल्ला मागत आहोत असे दिसू नये. दोघांत उघड मतभेद होऊ द्यावयाचा नाही, हा या खेळाचा मुख्य नियम. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही विधानाला प्रश्नाचे आणि सल्ल्याला माहितीचे रूप देण्याची रीत होय. मराठी कुटुंबात वडीलधाऱ्यांशी बोलताना सुनेला जी आडवळणे घ्यावी लागत ती आठवली म्हणजे या रीतीचे स्वरूप सहज समजेल. फरक इतकाच की, आडवळणाने सांगितलेली गोष्ट घरात उशिरा समजली तर रुसवाफुगवा होतो. वॉर्डात ती उशिरा समजली तर प्राण जाऊ शकतो.

याच काळात उलट दिशेनेही विचार सुरू झाला होता. व्हेरा फ्राय यांनी १९५३ मध्ये 'शुश्रूषानिदान' या अर्थाचा शब्द वापरला. लिडिया हॉल यांनी १९५५ मध्ये शुश्रूषा ही एक प्रक्रिया आहे, असे प्रतिपादन केले. आयडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एक मूलगामी मुद्दा मांडला. परिचारिकेला रुग्णाच्या वागण्यावरून जे वाटते ते खरे आहे की नाही, हे तिने रुग्णालाच विचारून पडताळले पाहिजे. एखादा रुग्ण औषध नाकारतो म्हणजे तो हट्टी आहे असे नोंदविणे सोपे असते. पण त्याने का नाकारले हे विचारल्यावाचून ते तथ्यही नव्हे आणि परीक्षणही नव्हे. नाइटिंगेल यांच्या तथ्य-मत या द्वंद्वात येथे तिसरी पायरी आली : मत बनवावे, पण ते रुग्णाच्या साक्षीने तपासून घ्यावे. चरकाने रोग्याच्या ठायी सांगितलेल्या ज्ञापकत्वाला आधुनिक शुश्रूषाशास्त्रात अशा रीतीने पुन्हा जागा मिळाली, असे म्हणता येईल.

पुढे १९७२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने परिचारिकांसंबंधीचा आपला कायदा बदलला आणि आरोग्यविषयक प्रश्नांना मनुष्याकडून मिळणाऱ्या प्रतिसादांचे निदान व उपचार करणे हे परिचारिकेचे काम म्हणून मान्य केले. १९७३ मध्ये सेंट लुइस येथे शुश्रूषानिदानांच्या वर्गीकरणाची पहिली परिषद भरली. डॉक्टर रोगाचे नाव ठरवितो. त्या रोगामुळे रुग्णाला गिळता येत नाही, झोप लागत नाही, त्वचा फाटण्याचा धोका आहे, याला नावे देणे हे परिचारिकेचे क्षेत्र, अशी ही नवी विभागणी होती. या वर्गीकरणातील कृत्रिम व बोजड परिभाषेवर परिचारिकांनीच पुष्कळ टीका केली आणि ती अनाठायी नव्हती. तरीही नाव देण्याचा अधिकार मिळणे हे नाव चांगले असण्याइतकेच महत्त्वाचे होते.

(५)

नावांबरोबरच गुणांकनाच्या पद्धतीही याच कालखंडात उदयास आल्या. यांतील पहिली सर्वमान्य पद्धती न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया ॲप्गर यांची. १९५२ मध्ये मांडलेल्या आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत नवजात बालकाची हृदयगती, श्वसन, स्नायूंचा ताठरपणा, प्रतिक्षिप्त क्रिया आणि वर्ण या पाच गोष्टींना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण देतात. जन्मानंतर एका मिनिटाने हे गुण द्यावयाचे आणि ते प्रसूती करणाऱ्या डॉक्टराऐवजी दुसऱ्या कोणी द्यावयाचे, कारण स्वतःच्या कामाचे मोजमाप माणूस उदारपणे करतो. व्यवहारात हे काम बहुधा परिचारिकेकडे आले. बालक 'जरा मंद आहे' असे म्हणून वाट पाहण्याची जी सवय होती ती या दहा गुणांनी मोडली.

इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शय्याव्रण कोणाला होण्याचा संभव आहे हे आधीच ओळखण्यासाठी शारीरिक स्थिती, मनःस्थिती, हिंडणेफिरणे, हालचालीची क्षमता आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना १ ते ४ गुण देण्याची पद्धती त्यात आहे. शय्याव्रण हा परिचारिकेच्या निष्काळजीपणाचा पुरावा समजला जाई. नॉर्टन यांनी तो आगाऊ ओळखता येण्याजोगा धोका ठरविला. परिचारिकेने घडविलेले आणि परिचारिकेच्याच प्रश्नाचे उत्तर देणारे हे साधन असल्यामुळे त्याचे ऐतिहासिक महत्त्व वेगळे आहे.

भाषेच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मात्र १९७४ मधील ग्लासगो मापनपद्धतीचे. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांच्यापुढील अडचण मुख्यतः शब्दांची होती. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला कोणी 'अर्धवट शुद्धीत' म्हणे, कोणी 'गुंगीत', कोणी 'सुस्त', आणि या शब्दांचा अर्थ दोन माणसे एकच करीत नसत. रात्रपाळीच्या परिचारिकेने 'गुंगीत' लिहिले आणि सकाळच्या परिचारिकेने 'अर्धवट शुद्धीत' लिहिले, तर रुग्ण सुधारला की खालावला? टीसडेल आणि जेनेट यांनी हे सर्व शब्द बाजूला सारून केवळ तीन प्रश्न ठेवले. डोळे कशाने उघडतात : आपोआप, हाक मारल्यावर, वेदना दिल्यावर की मुळीच नाही? बोलणे कसे आहे : सुसंगत, गोंधळलेले, असंबद्ध शब्द, नुसते आवाज की काहीच नाही? हातपाय कशाला कसा प्रतिसाद देतात? आज या मापनाचे एकूण गुण ३ ते १५ असतात. संज्ञेच्या जागी वर्णन आणि वर्णनाच्या जागी क्रम आणण्याचे हे काम तत्त्वतः नाइटिंगेल यांनी झोपेविषयी सुचविलेल्या प्रश्नासारखेच आहे.

तथापि नोंद अचूक झाली म्हणजे ती वाचली गेली, असे होत नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्णालयात हृदयक्रिया बंद पडलेल्या ६४ रुग्णांचे कागद तपासण्यात आले. त्यांपैकी ८४ टक्के रुग्णांच्या प्रकृतीत बिघाड झाल्याच्या अथवा नव्या तक्रारी उद्भवल्याच्या नोंदी त्याआधीच्या आठ तासांत झालेल्या होत्या. म्हणजे बिघाड पाहिला गेला होता आणि लिहिलाही गेला होता. त्या लिहिण्यातून कृती निर्माण झाली नव्हती. इंग्लंडमध्ये १९९७ मध्ये मांडली गेलेली पूर्वसूचना-गुणांची पद्धती या उणिवेवरचा उपाय होय. २०१२ मध्ये तिला राष्ट्रीय स्वरूप आले आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. श्वसन, रक्तातील प्राणवायू, प्राणवायू द्यावा लागतो की नाही, रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि ताप यांच्या गुणांची बेरीज ५ झाली की तातडीने आणि ७ झाली की अत्यंत तातडीने वैद्यकीय मदत आली पाहिजे, असा तिचा दंडक आहे. येथे आकड्याचे कार्य बदलले. पूर्वी तो केवळ माहिती देई. आता तो बोलावणे धाडू लागला. स्टाइन यांनी वर्णिलेल्या आडवळणांची गरज या पद्धतीने बऱ्याच अंशी कमी केली.

(६)

एवढ्याने प्रश्न सुटला असता तर या इतिहासाचा शेवट सुखद झाला असता. परंतु आकड्यांची भाषाही निर्दोष नाही. निळसर ओठ, फिकट चेहरा, गुलाबी कांती ही पाठ्यपुस्तकांतील लक्षणे गोऱ्या त्वचेला समोर ठेवून लिहिली गेली; सावळ्या रुग्णाच्या बाबतीत ती ओठांच्या आतल्या बाजूस, नखांत वा पापणीच्या आत पाहावी लागतात. बोटाला लावून प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राने ही अडचण दूर झाली असे वाटले होते. पण यंत्रातही तीच त्रुटी वसत होती. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, यंत्र समाधानकारक आकडा दाखवीत असताना रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. करोनाच्या साथीत घरोघरी याच आकड्यावर भिस्त ठेवली गेली, हे आठवले म्हणजे या गोष्टीचे गांभीर्य कळते. भारतीय परिचारिकेने यातून घ्यावयाचा बोध असा की, आकडा आणि रुग्ण यांत विसंगती दिसली तर रुग्णाकडे पुन्हा पाहावे.

वेदनेच्या बाबतीत आकड्याची मर्यादा अधिकच स्पष्ट होते. मार्गो मॅकाफरी या परिचारिकेने १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले की, वेदना म्हणजे ती अनुभवणारा जे सांगतो ते, आणि तो सांगतो तेव्हा ती असते. रुग्ण कण्हत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असे मानण्याच्या सवयीला हा थेट विरोध होता. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७१ मध्ये टॉर्गर्सन यांच्यासह वेदनावाचक १०२ इंग्रजी शब्दांचे वर्गीकरण केले आणि १९७५ मध्ये ७८ शब्दांची, २० गटांची प्रश्नावली तयार केली. शब्दांची निवड हीच येथे परीक्षणाचे साधन झाली. मराठीतील 'ठसठस', 'चुरचुर', 'जळजळ', 'कळ', 'ठणका' या शब्दसंपत्तीचा असा पद्धतशीर अभ्यास हा भाषाविभाग आणि परिचर्या-महाविद्यालये यांनी मिळून करण्याजोगा विषय आहे. इंग्रजी प्रश्नावलीचे भाषांतर त्याची जागा घेऊ शकणार नाही, कारण एका भाषेतील वेदनेचे भेद दुसरीत त्याच ठिकाणी पडत नाहीत.

शेवटचा प्रश्न परिचारिकेच्या स्वतःच्या जाणिवेचा. फे मॅकेन यांनी १९६५ मध्ये लिहिलेल्या एका लेखाच्या शीर्षकातच शुश्रूषा परीक्षणाने व्हावी, अंतर्ज्ञानाने नव्हे, असे घोषित केले होते. त्या काळी ही घोषणा आवश्यक होती. त्यानंतर १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकीपासून निष्णात परिचारिकेपर्यंतच्या प्रवासाचे विवेचन करताना असे दाखविले की, नवशिकी नियमांवर चालते, पण निष्णात परिचारिका परिस्थिती एका दृष्टिक्षेपात समग्रपणे ओळखते आणि आपण कशावरून ओळखले हे तिला पुष्कळदा सांगता येत नाही. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरुद्ध आहेत. वस्तुतः ज्याला अंतर्ज्ञान म्हटले जाते ते अनेक वर्षांच्या निरीक्षणाचे, अद्याप शब्द न मिळालेले रूप होय. बोली बोलणाऱ्या मनुष्याला चुकीचे वाक्य ऐकताच खटकते; नियम सांगता येत नाही म्हणून त्याचे ज्ञान खोटे ठरत नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये अनेक अभ्यासांचे परिशीलन करून परिचारिकांना वाटणाऱ्या चिंतेमागील लक्षणे दहा गटांत मांडली. श्वास घेण्याच्या ढबीतील बदल, अस्वस्थता, वागण्यातील फरक, आपल्याला बरे वाटत नाही असे रुग्णाने स्वतः सांगणे अशा गोष्टी त्यांत आहेत. न सांगता येणारे सांगता येऊ लागले ते अशा रीतीने.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० च्या दशकात तातडीच्या वैद्यकीय पथकाला बोलावण्याचे जे निकष निश्चित झाले, त्यांत नाडी, श्वसन, रक्तदाब यांच्या आकड्यांबरोबर आणखी एक निकष होता : ज्या रुग्णाविषयी सेवकवर्गाला गंभीर चिंता वाटते असा कोणताही रुग्ण. भाषेच्या इतिहासात या एका ओळीचे मोल मोठे आहे. शंभर वर्षे परिचारिकेच्या नोंदीत कर्ता नव्हता. ताप चढला, नाडी मंद झाली, रुग्ण अस्वस्थ दिसला, अशा वाक्यांत पाहणारी व्यक्ती कोठेच नसे. 'मला चिंता वाटते' या वाक्यात ती प्रथमच कर्त्याच्या जागी आली आणि ते वाक्य मत म्हणून बाजूला न सारता कृतीचे पुरेसे कारण म्हणून स्वीकारले गेले. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आणलेल्या नियमाने हाच अधिकार रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना दिला असून, आपल्याला कसे वाटते, प्रकृती सुधारते आहे की खालावते आहे, हे रुग्णाला रोज विचारण्याचे बंधन त्यात आहे. नाइटिंगेल यांना असला प्रश्न मोघम वाटला असता. परंतु तो आता आकड्यांच्या शेजारी विचारला जातो, त्याचे उत्तर लिहिले जाते आणि त्या उत्तरावर काही करावे लागते. त्यामुळे त्याचे स्वरूप बदलले आहे.

या सर्व विवेचनावरून एवढे निश्चित म्हणता येते की, परिचारिकेच्या रुग्णपरीक्षणात संदिग्ध शब्द, मोजलेला आकडा, ठरवून दिलेले नाव आणि अनुभवातून आलेली जाणीव हे एकामागून एक आले असले तरी एकाने दुसऱ्याला रद्द केलेले नाही. प्रत्येकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली आहे. महाराष्ट्रातील रुग्णालयांत या चारहींत पाचवी गोष्ट मिळवावी लागते, ती म्हणजे रुग्णाची स्वतःची भाषा. परिचर्येच्या विद्यार्थिनीला तापमापक वाचावयास शिकविताना 'कणकण' या शब्दाचा अर्थही शिकविला जावा आणि तो शब्द नोंदीत जसाच्या तसा लिहिण्याची मुभा तिला असावी. शुश्रूषा या शब्दातील मूळ धातू ऐकण्याचा आहे, याचे विस्मरण होऊ न देण्याचा तो सर्वांत सोपा उपाय ठरेल.